शेरभर कोंड्याची चौकशी

सारा घोळ एका इंचाच्या रकान्याने केला. तो रकाना जनकोजींनी कोरा सोडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि कोरा सोडा असं जयंतीने त्यांना चारदा सांगितलंही होतं. पण बायकोचं पहिल्या चार वेळा ऐकायचं नाही, असा जनकोजींचा सत्तावीस वर्षांच्या संसाराचा नियम होता. (पाचव्या वेळी ऐकत. तोवर बहुधा वेळ टळून गेलेली असे.)

जनकोजी राव म्हणजे तंजावरकडचे मराठी, वय चौपन्न, मुक्काम चेन्नईतलं वेस्ट मांबलम, तिसरा मजला, लिफ्ट आहे पण चालेलच असं नाही. सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात एकोणतीस वर्षं त्यांनी आलेल्या कागदावर ‘आले’ आणि गेलेल्या कागदावर ‘गेले’ असा शिक्का मारला होता. स्वतः मात्र ते कुठेच गेले नव्हते. आणि अशा माणसाला अचानक बोलावणं आलं, की एका मंत्र्यांच्या कार्यालयात सहायकाची जागा आहे, जुना, निर्व्यसनी आणि तोंडाचा घट्ट माणूस हवा आहे, तुमचं नाव सुचवलंय. तोंडाचा घट्ट ही कीर्ती त्यांना कशी मिळाली म्हणाल, तर कचेरीत एकोणतीस वर्षांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

मंत्र्यांच्या कार्यालयात बसायचं म्हणजे आधी सुरक्षा पडताळणी. त्यासाठी चौदा पानी फॉर्म आला. जनकोजींनी तो देवापुढे ठेवला, हळदीचं बोट लावलं, आणि रविवारी न्याहारीनंतर भरायला बसले. परदेशात नातेवाईक? नाहीत. सख्खी, सावत्र, दत्तक भावंडं? नाहीत. पान तेरा नुसतं बारीक छापलेलं होतं आणि खाली ‘वाचले व कुटुंबीयांना समजावून सांगितले’ असं लिहून सहीची जागा होती. ती त्यांनी न वाचताच केली. (सरकारी नोकर सरकारी कागद वाचत बसला तर सरकार चालायचं कसं?) मग ते सहाव्या पानावरच्या सुटलेल्या रकान्याकडे वळले. ‘अन्य नावाने ओळखले जात असल्यास ते नाव व कारण.’

“कोरा सोडा,” जयंती म्हणाली.

“पण आहे ना नाव. कोंडाजी. अम्मा दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारते मला?”

“त्यांना कशाला सांगायचं ते? कोरा सोडा.”

“सरकारी कागदावर खोटं लिहू?”

“कोरं म्हणजे खोटं नव्हे हो!”

जनकोजींनी ‘कोंडाजी’ लिहिलं. आता कारण. कारण लांबलचक होतं, आणि जागा होती एक इंच. खाली ‘जादा कागद जोडू नये’ अशी तंबी होती. ते पेन चावत बसले, आणि मग त्या इंचभर जागेत मावतील असे तीन इंग्रजी शब्द त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: ‘सोल्ड इन इन्फन्सी’. म्हणजे, तान्हेपणी विकला.

हे खरंच होतं. पोरं जगत नसली की पुढचं पोर जन्मल्या जन्मल्या शेजारणीला शेरभर कोंड्यावर विकायचं, ही चाल आपल्याकडे होती, तशीच तंजावरातही होती, आणि तिथल्या तमिळ घरांतही. पोर विकलेलं, कोंड्याच्या मोलाचं, म्हणजे यमाच्या दृष्टीने भिकार माल. तो हात लावत नाही. पोर राहतं आपल्याच घरी, पण कागदोपत्री (म्हणजे यमाच्या कागदोपत्री) शेजाऱ्याचं. जनकोजींना विकत घेतलं होतं शेजारच्या महालक्ष्मी मामींनी. आईने त्यांना चौपन्न वर्षांत कधी ‘माझा’ म्हटलं नव्हतं. ‘अरे कोंडाजी, महालक्ष्मीच्या पोरा, जेवायास ये’ अशी हाक यायची. शाळेत असताना त्यांना हे सगळं खरंच वाटायचं, आणि कधी आई रागावली की ते मागच्या दारात बसून महालक्ष्मी मामींच्या घराकडे बघत असत. मोठेपणी हे ते हसून सांगत. पण हसून सांगितलेल्या सगळ्याच गोष्टी विनोदी असतात असं नाही.

पंधरा दिवसांनी चौकशीला इन्स्पेक्टर मुरली आले. जनकोजी कचेरीत होते. घरात जयंती आणि अम्मा, म्हणजे जनकोजींची आई सईबाई, वय ऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. प्रत्येकाचा जबाब वेगळा घ्यायचा नियम असल्यामुळे मुरलींनी जयंतीला स्वयंपाकघरात बसवलं, आणि तिने दाराआडून जे ऐकलं ते संध्याकाळी नवऱ्याला जसंच्या तसं ऐकवलं. (संभाषण तमिळमध्ये झालं. पण सईबाई कुठलीही भाषा बोलल्या तरी ती तंजावरी मराठीच वाटते.)

“पाट्टी, जनकोजी राव तुमचे कोण?” मुरलींनी वही उघडली. (पाट्टी म्हणजे आजी.)

सईबाईंनी आधी खाकी कपड्यांकडे पाहिलं, मग वहीकडे. “कोणी नाहीं.”

“इथेच राहतात ना ते?”

“राहतो. जेवतो. जातो. शेजारणीचें पोर.”

“सकाळी किती वाजता निघतात?”

“मी काय घड्याळ?”

“कुठल्या रस्त्याने जातात?”

“त्याच्या पायांस ठाऊक.”

“वय काय त्यांचं?”

“पोरांचीं वयें मोजूं नयेत.”

“बरं, त्यांची आई कोण?”

“महालक्ष्मी. अण्णा नगरांत असते.”

“मग तुम्ही कोण?”

“मी भात शिजवतें,” सईबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

जनकोजी हे ऐकून पोट धरून हसले. त्यांना वाटलं, इन्स्पेक्टर या मातीतला माणूस आहे, समजून घेईल. तो मातीतला होता हे खरं. पण तो दुसऱ्या दिवशी अण्णा नगरला गेला.

आठवड्याने जनकोजींना बोलावणं आलं. मुरलींच्या टेबलावर जाडसर फाइल होती. पडताळणीच्या फाइली बारीक असतात हे जनकोजींना माहीत होतं.

“बसा सार,” मुरली म्हणाले. “महालक्ष्मी अम्माळना भेटलो. सत्त्याऐंशी वर्षं, पण आठवण स्वच्छ आहे.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, होय, मीच घेतला, शेरभर कोंडा देऊन. चांगला निघाला.”

“अहो, ती आपली जुनी चाल—”

“मला माहीत आहे सार. माझ्या काकांचं नाव पिच्चै, म्हणजे भीक. भीक मागून आणलेला. पण मला कळून काय उपयोग? फाइलला कळत नाही.” त्यांनी एक एक कागद उलटायला सुरुवात केली. “तुमच्याच अक्षरात लिहिलंय, तान्हेपणी विकला. तुमची आई जबाबात म्हणते, हा माझा नाही. दुसरी बाई म्हणते, विकत घेतला. म्हणजे लहान मुलाची खरेदी-विक्री.”

“चौपन्न वर्षांपूर्वी!”

“गुन्ह्याला तारीख असते सार, फाइलला नसते. पुढे. या महालक्ष्मी अम्माळना एक मुलगा. हरिप्रसाद. परदेशात. त्या जर तुमच्या आई, तर हा तुमचा भाऊ. तुम्ही लिहिलंय भावंडं नाहीत, परदेशात कुणी नाही. आणि हे हरिप्रसाद ज्या कंपनीत आहेत, ती कंपनी काय बनवते माहीत आहे?”

“काय?”

“ड्रोन.”

जनकोजींना ड्रोन म्हणजे लग्नात वरून फोटो काढतं ते, एवढंच माहीत होतं. पण मुरलींचा चेहरा लग्नातल्यासारखा नव्हता.

“मंत्र्यांच्या कार्यालयाचं सोडा,” मुरली खालच्या आवाजात म्हणाले. “आता प्रश्न आहे खोट्या प्रतिज्ञेचा. आहे ती नोकरीसुद्धा जाईल. वरचे साहेब उत्तरेकडचे आहेत, त्यांनी ‘सोल्ड’ या शब्दाखाली लाल रेघ मारलीय. जन्मदाखला आहे?”

“घरी जन्मलो. नोंदच केली नाही. शाळेचाच दाखला आहे.”

“वडील?”

“वारले.”

“मग एकच उपाय. तुमच्या आईने माझ्यासमोर एक वाक्य सांगायचं, हा माझ्या पोटचा मुलगा. मी लिहितो, त्या अंगठा नाहीतर सही देतात, फाइल बंद. आठ दिवसांत. एकच वाक्य आहे सार. कुठलीही आई सांगेल.”

जनकोजी घरी आले तेव्हा सईबाई पाट मांडून शेवग्याचा पाला निवडत होत्या. जनकोजींनी सगळं सांगितलं. नोकरी जाईल म्हणाले, एकोणतीस वर्षं पाण्यात जातील म्हणाले, हात जोडले. सईबाई पाला निवडत राहिल्या.

“अम्मा, एक वाक्य.”

“नाहीं सांगणार.”

“पण खरं आहे ना ते?”

“खरें आहे म्हणूनच नाहीं सांगणार.”

जनकोजींचा आवाज चढला. चौपन्नाव्या वर्षी माणूस आईवर ओरडतो तेव्हा तो दहा वर्षांचाच असतो. “एवढं काय जड आहे त्यात? जगातली सगळी माणसं आपल्या पोराला आपलं म्हणतात!”

सईबाईंचा हात थांबला. “मीही म्हटलें होतें,” त्या म्हणाल्या.

जयंती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“पहिला झाला तेव्हां म्युन्सिपालटीचा माणूस आला. खाकी सदरा, हातीं वही. विचारलें, पोर कोणाचें? मी म्हटलें, माझें. ऐटींत म्हटलें. अकराव्या दिवशीं गेला. दुसरा चार महिन्यांचा झाला. देवी टोचणारा आला, त्याजपाशींही वही. म्हटलें, माझा. तेंही पोर गेलें. मग मुलगी झाली. ती चालूं लागली होती. उंबऱ्यापर्यंत चालायची आणि मागें वळून बघायची, मी आहें कीं नाहीं. शिरगणतीचा माणूस आला. मी आंत दडलें. तो दारांतून विचारी, हें कोणाचें? ती माझ्याकडे धावली, तर मी कसें म्हणूं कीं माझी नव्हे?” सईबाईंनी एक पान उचललं आणि पुन्हा सुपात टाकलं. “तूं झालास तेव्हां नाळ कापायच्या आधीं विकला तुजला. जगलास. आतां तो पुन्हां वही घेऊन आला, आणि तूं म्हणतोस, सांग.”

जनकोजींना भावंडं होती हे माहीत होतं. ‘पोरं जगत नव्हती’ एवढंच. ती किती होती, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आज त्यांना त्याची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, नोकरीचं काय करायचं, हा विचार तसाच चालू राहिला, त्याचीही लाज वाटली.

मार्ग काढला जयंतीने. “आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “विकलेला माल परत विकत घेतला तर?”

सईबाईंनी वर पाहिलं.

“म्हणजे खरेदी करून आपला झाला. मग सांगायला दोष नाही. नाही का?”

“तें मुंजींतच करायचें असतें,” सईबाई म्हणाल्या. “कोंडा परत देऊन सोडवायचा. याचे अप्पा म्हणाले, मुंज होऊं दे, मग बघूं. मुंजींत विसरले. लग्नांत बघूं म्हणाले, लग्नांतही विसरले.”

म्हणजे जनकोजी चौपन्न वर्षं न सोडवलेले राहिले होते, तेही वडिलांच्या विसरभोळेपणामुळे.

आता कोंडा. जयंतीने आधी सेंद्रिय मालाच्या दुकानातून एक चकचकीत पुडा आणला. त्यावर ‘भरपूर फायबर’ असं लिहून एका सडपातळ बाईचं चित्र होतं. सईबाईंनी तो हातातही घेतला नाही. “जो कोंडा माणसें हौसेनें खातात तो भिकार कसा?” त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर होतं. मग जनकोजी गुरांच्या खाद्याच्या दुकानात जाऊन अस्सल कोंडा घेऊन आले. पिवळ्या कापडी पिशवीत तो भरला, आणि तिघं अशोक नगरहून मेट्रोने निघाली.

मेट्रोच्या तपासणीत पिशवी अडली. सुरक्षारक्षक बाईंनी कोपरापर्यंत हात घालून कोंडा ढवळला. “हे काय?”

“कोंडा.”

“गायीला?”

“आईला,” जनकोजी म्हणाले.

“कुठे असते आई?”

जनकोजींनी शेजारी उभ्या असलेल्या सईबाईंकडे पाहिलं, मग अण्णा नगरच्या पाटीकडे पाहिलं, मग पुन्हा सईबाईंकडे. मागे रांग वाढली. शेवटी जयंतीने “अण्णा नगर” असं सांगून त्यांना पुढे ढकललं.

महालक्ष्मी मामी खिडकीपाशी खुर्चीत होत्या. सांभाळायला एक नर्स होती, भिंतीवर हरिप्रसादचा बर्फातला फोटो होता. दोन्ही म्हाताऱ्या दहा वर्षांनी भेटत होत्या. गुडघे, डोळे, वारलेली माणसं असं सगळं क्रमाने झाल्यावर सईबाईंनी पिशवी पुढे ठेवली. “सोडवायास आलें आहें.”

महालक्ष्मी मामींनी पिशवीत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “देणार नाही,” त्या म्हणाल्या.

“अगं, चालच आहे ती.”

“चाल मुंजीत होती. तेव्हा आली नाहीस. आता वापरात असलेलं परत मागतेस?” त्यांनी भिंतीकडे हात केला. “तो माझ्या पोटचा. सहा वर्षांत आला नाही. हा कोंड्याचा. दर दिवाळीला येतो, पाया पडतो, औषधाची बाटली उजेडाला धरून तारीख बघतो. सांग, दोघांतला कुठला देऊ?”

सईबाईंनी पिशवी आणखी पुढे सरकवली. जनकोजींना काय करावं सुचेना. आयुष्यभर आपण कुणाचेच नाही असं मानून चाललेल्या माणसाला दोन आया एकदम मागायला लागल्या, तर सवय नसल्यामुळे तो गांगरतोच.

“मी गेल्यावर अग्नी कोण देणार?” महालक्ष्मी मामींनी सरळ जनकोजींनाच विचारलं. “तो मोबाइलवरून देणार?”

“मी देईन, मामी.”

“विकल्यावरसुद्धा?”

“विकल्यावरसुद्धा. शपथ.”

मामींनी पिशवीत हात घातला, कोंडा बोटांतून चाळला आणि नाक मुरडलं. “मी दिला होता तो याच्यापेक्षा चांगला होता,” त्या म्हणाल्या. पण पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. सईबाईंनी पदर पसरला. तो पदर तान्ह्या पोरासाठी असतो. जनकोजींचं नुसतं डोकंच त्यात मावलं, तेही टक्कल पडलेलं, आणि गुडघ्यांवर बसताना त्यांच्या पँटची शिवण उसवली. मामींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “घे. तुझा.” नर्स मागे उभी राहून डोळे पुसत होती. शिवण तिला दिसली असावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरली आले. सईबाईंनी आंघोळ करून नवी सुती नऊवार नेसली होती. मुरलींनी वही उघडली. जयंतीने सईबाईंचे हात आपल्या हातांत धरले.

“सांगा पाट्टी. सावकाश.”

सईबाईंनी जनकोजींकडे पाहिलं. असं पाहिलं, की जनकोजींना एकदम ओरडावंसं वाटलं, नको अम्मा, सांगू नको, जाऊ दे नोकरी. पण ते ओरडले नाहीत. त्यांना ते वाक्य ऐकायचं होतं. नोकरीसाठी म्हणून सुरू झालेली गोष्ट आता नोकरीची राहिली नव्हती.

“लिही,” सईबाई म्हणाल्या. “जनकोजी. माझा. मीं जन्म दिला. चौथा.”

मुरलींनी लिहिलं. सईबाईंनी मोडक्या तमिळ अक्षरात सही केली. आणि मग म्हणाल्या, “आधींचीं तीन या वहींत आहेत काय, पाहा.”

मुरली इन्स्पेक्टर होते, पन्नाशीचे होते, मिशी राखून होते. तरी त्यांनी खरोखरच वहीची पानं मागे उलटून पाहिली. “नाहीत, पाट्टी,” ते म्हणाले.

“मग कोणत्या वहींत आहेत?”

मुरलींनी वही मिटली. कॉफी न घेताच ते गेले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. सईबाई जेवेनात. जनकोजी शिंकले की त्या उठून बसत. नखं काढू नको, लिफ्टने जाऊ नको, रस्ता ओलांडू नको. (रस्ता न ओलांडता चेन्नईत कचेरीला कसं जायचं, हे त्या सांगत नसत.) संध्याकाळी सहापासून त्या दारात बसत. आपल्या बोलण्याने पोर मरणार याची एखादी बाई वाट बघतेय, आणि ते पोर रोज सात वाजता डबा हलवत जिवंत परत येतंय, असा तो देखावा होता. नवव्या दिवशी तर जनकोजींनाही छातीत काहीतरी होतंय असं वाटायला लागलं. तपासलं तर पित्त निघालं.

दहाव्या दिवशी पत्र आलं. दोन ओळींचं. खोट्या प्रतिज्ञेचे प्रकरण बंद करण्यात येत आहे, नोकरी पूर्ववत. आणि दुसरी ओळ: सदर कर्मचारी मंत्री कार्यालयासाठी अयोग्य.

जनकोजी तसेच मुरलींकडे गेले. “आता काय कमी पडलं?”

मुरलींनी दार लोटलं आणि फाइलमधून पान तेरा काढलं. तेच, बारीक छापलेलं. “वाचलंत हे?”

“सही आहे ना माझी.”

“तेच विचारतोय. वाचा.”

जनकोजींनी वाचलं. ‘वैयक्तिक सुरक्षेसाठी सूचना. मंत्री कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या कुटुंबीयांनी अनोळखी व्यक्तीस, ती गणवेशात असली तरीही, कर्मचाऱ्याचे नाव, नाते, वय, जाण्यायेण्याच्या वेळा व मार्ग सांगू नयेत.’

“माझी पहिली भेट त्याचीच परीक्षा असते,” मुरली म्हणाले. “मी ओळखपत्र मुद्दाम दाखवत नाही. बावीस वर्षं हे काम करतोय, तुमच्या आईसारखं माणूस पाहिलं नाही. नाव नाही, नातं नाही, वेळ नाही, रस्ता नाही. शंभरापैकी शंभर. आणि तुम्ही! एक इंच जागा दिली तर त्यात जन्माची कथा. उपाय मी सांगितला खरा, पण ज्या आईने काहीच सांगितलं नाही, तिला तुम्ही आठ दिवस मागे लागून सगळं सांगायला लावलंत. वर साहेबांनी काय शेरा मारलाय, ऐकायचंय?”

“नको.”

“‘आई घेता आली असती तर बरं झालं असतं.’”

जनकोजी घरी आले तेव्हा सात वाजून गेले होते. सईबाई दारातच होत्या. त्यांनी आधी पोराला डोळ्यांनी चाचपून घेतलं. मग कागद दिसला. “तें काय?”

“मिळाली नाही जागा. अयोग्य म्हणाले.”

“कोण म्हणालें?”

“सरकार.”

“वहींत लिहिलें त्यांनीं? कीं हा बिनकामाचा?”

“शिक्क्यासकट,” जनकोजी म्हणाले.

सईबाईंनी कागद घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. दहा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल पडला. ज्याच्यावर खुद्द सरकारने बिनकामाचा म्हणून शिक्का मारलाय, त्याला यम तरी कशाला उचलेल? शेरभर कोंड्यापेक्षा हे कितीतरी पक्कं काम होतं. त्यांनी कागद देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवला, हळद वाहिली, जयंतीला शिरा करायला सांगितला. आणि मग त्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या, आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समोरच्या रंजनीला हाक मारली.

जनकोजी चपला काढता काढता थांबले. कुणी विचारलेलं नसताना आईने ते दोन शब्द आपणहून उच्चारावेत, याची ते चौपन्न वर्षं वाट बघत होते.

“अगो रंजनी, ऐकलेंस काय?” सईबाई म्हणाल्या. “माझा लेक! माझा लेक कीं गं, कांहीं कामाचा नाहीं!”